चुप्पवाल्या बाबाची मिसरी

सुरजन कौरचं पत्र माझ्या टेबलावर बरेच दिवस उत्तराविना पडून होतं. शाळेचं वाचनालय माझ्याकडे होतं तेव्हा ही मुलगी रोज मधल्या सुट्टीत पुस्तक बदलायला यायची. पुढे लग्न होऊन ती अबोहरकडे गेली आणि तरुणपणीच विधवा झाली; पदरात मुलगा निंदर. तिने लिहिलं होतं:

'मास्टरजी, फोन निंदरने मागेच नशेपायी विकून टाकला, म्हणून पत्र लिहिते. तुमच्या कोट मेहऱ्यात चुप्पवाला बाबा बसतो म्हणे. त्याच्या मिसरीने, त्या मंतरलेल्या खडीसाखरेने, पोरं चिट्टा सोडतात म्हणे. माझा निंदर सध्या इथल्या सरकारी व्यसनमुक्ती केंद्रात जाऊन जिभेखाली गोळी ठेवतो. त्यावर त्याचं बरं चाललंय. कामाला जातो, जेवतो. पण गल्लीत सगळे म्हणतात, ती गोळी म्हणजे सरकारी नशाच. एक सोडवून दुसरी लावली. संग्रांदीला त्याला बाबाकडे घेऊन येऊ का? तुम्ही तिथंच राहता, डोळ्यांनी पाहता, शिकलेले आहात. तुम्ही सांगाल तसं करीन.'

'तुम्ही सांगाल तसं करीन' या चार शब्दांची मला भीती वाटली. मी आयुष्यभर पुस्तकं वाचली, पण कुणाला ठामपणे काही सांगायची सवय मला कधी लागली नाही. बाबा भोंदू असणार असं वाटत होतं. पण पोरं शांत होताना मी स्वतः पाहिली होती. डोळ्यांनी पाहिलेलं खोटं कसं म्हणायचं? संग्रांद, म्हणजे नव्या महिन्याचा पहिला दिवस, जवळ येत होती आणि मी पेन उचलून खाली ठेवत होतो.

आमच्या गावात चिट्ट्याने घर बसलं नाही अशी गल्ली नाही. हेरॉइनच्या त्या पांढऱ्या पावडरीपायी आधी घरातली भांडी जातात, मग बहिणीच्या कानातलं जातं, मग पोरगा जातो. ग्रंथीजी गुरुद्वाऱ्यातून कळवळून सांगायचे, "पुत्तरांनो, केंद्रात जा, औषध घ्या." पण केंद्रात नाव लिहिलं की पोलीस दारात येतात, अशी हवा होती. त्यामुळे रविवारी कालव्यापलीकडे चुप्पवाल्या बाबाच्या डेऱ्यावर, म्हणजे आश्रमात, ट्रॅक्टर-ट्रॉल्या भरभरून लोक यायचे.

अशाच एका रविवारी माझी शेजारीण बचनो मला म्हणाली, "मास्टरजी, चला ना सोबत. जीता तुमचं ऐकतो. माझ्या हाताला हिसडा देऊन पळायचा."

जीता तिचा एकुलता एक. आठ महिने केंद्रातली गोळी घेऊन सुधारला होता, गॅरेजात कामाला लागला होता. मग लोकांच्या बोलण्याने बचनो डळमळली. गेल्या खेपेला तिने त्याला केंद्रातून घरी घ्यायला दिलेल्या गोळ्यांची सगळी पाकिटं बाबाच्या घागरीत टाकली होती. ही घागर डेऱ्याच्या दारातच असे. पितळेची, लाल कापड गुंडाळलेली. नियमच होता: सरकारी नशा आधी घागरीत टाका, मगच आत या. घागर भरली की बाबा ती कालव्यात विसर्जन करतो, असं सांगत.

गोळी सुटली आणि आठवडाभरात जीता पुन्हा चिट्ट्यावर गेला.

बाबाचं नाव चुप्पवाला, पण त्याचं तोंड ऊस गाळायच्या चरकासारखं अखंड चालू.

"साधसंगत! ही मिसरी हिमालयात बारा वर्षं मौन धरलेल्या साधूंच्या श्वासाने भिजलेली आहे! ही जिभेवर नाही, जिभेखाली ठेवायची. गिळायची नाही. पाणी प्यायचं नाही. विरघळेपर्यंत बोलायचं नाही. जो बोलला त्याची कृपा सांडली! आणि ऐका, रात्रीपासून ज्याने चिट्ट्याला हात लावला नाही, ज्याला जांभया येतायत, नाक गळतंय, हाडं दुखतायत, तोच पवित्र. लपूनछपून ओढून आलेल्या पाप्याला हीच मिसरी आग होऊन जाळील!"

मागून कुणी म्हातारा पुटपुटला, "बाबाजी, बारा वर्षांचं सगळं बोलणं आमच्यावरच काढताय होय?" दोघंतिघं हसले, पण त्यांच्या बायकांनी त्यांना गप्प केलं.

पोरं रांगेत बसली होती, पांघरुणात कुडकुडत, नाक पुसत. सेवादारांनी एकेकाच्या जिभेखाली वेलदोड्याच्या वासाची चिमूट ठेवली. सगळं मैदान चिडीचूप. आणि खरंच, हळूहळू ती पोरं सैल पडू लागली. थरथर थांबली. एकाने कितीतरी दिवसांनी आईकडे पाहून पाणी मागितलं. ती माउली जमिनीवर डोकं टेकून रडू लागली. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. ही गोष्ट लपवणार नाही.

मग जीताची पाळी आली. त्याच्या जिभेखाली चिमूट गेली आणि थोड्याच वेळात त्याला दरदरून घाम फुटला. पोट धरून तो कोसळला, ओकला, पाय झाडू लागला.

"पाहा!" बाबा गरजला. "सकाळी ओढून आला होतास ना? बोल!"

जीताने मान हलवली. हो, ओढून आला होता.

"देव फसत नाही! देवाने याला हाकललं! बीबी, ही पुडी घे. घरी रोज चिमूटभर दे. प्रायश्चित्त होईल, नाहीतर याला दार बंद."

घरी परतताना जीता ट्रॉलीत गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. मला म्हणाला, "मास्टरजी, बाकी सगळ्यांना चाललं. मलाच नाही. म्हणजे मी गेलेलीच केस."

मी म्हणालो, "तसं नसतं रे."

त्याच रात्री तो घरातून निघून गेला. पुढच्या आठवड्यात एका बंद ट्यूबवेलच्या खोलीत सापडला. सुई दंडातच होती.

अंत्यसंस्कारात बायका बचनोला धीर देत होत्या, "देवानेच नाकारलं गं, तू तरी काय करणार?" हे ऐकून मी उठलो आणि तसाच तालुक्याच्या बसमध्ये बसलो. केंद्राच्या दारातून दोनदा परत फिरलो. आत जाऊन विचारायचं तरी काय? शेवटी डॉक्टर परनीत कौरनेच बाहेर येऊन विचारलं, "ताऊजी, कुणासाठी आलात?"

"एक मेलाय, त्याच्यासाठी," मी म्हणालो. "आणि एक जिवंत आहे, त्याच्यासाठी."

तिने मला आत बसवलं. मी अडखळत सगळं सांगितलं. मिसरी, मौन, जीताचं तडफडणं. ती तरुण बाई ऐकताऐकता खुर्चीत ताठ झाली.

"थांबा. जिभेखाली ठेवायची, गिळायची नाही, पाणी नाही, बोलायचं नाही. हे तो सांगतो?"

"हो."

"ताऊजी, हे मी सांगते. रोज, या खिडकीतून, प्रत्येक पोराला. ही गोळी पोटात गेली तर जवळजवळ वाया जाते, जिभेखालूनच रक्तात उतरते. आणि अंगात चिट्टा ताजा असताना ती घेतली, तर ती चिट्ट्याला एकदम हुसकून लावते. माणूस तडफडतो. म्हणून आम्ही म्हणतो, आधी जांभया येऊ देत, नाक गळू दे, मग घे."

मी तिच्याकडे पाहतच राहिलो. बाबाचा पवित्र आणि बाबाचा पापी, दोघंही एकाच गोळीतून निघाले होते.

"पण त्याच्याकडे गोळ्या येतात कुठून?" तिने विचारलं. "या बाजारात मिळत नाहीत."

घागर माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. मी सांगितलं तेव्हा तिने कपाळावर हात मारला. "आयाच आणून देतात! आमच्या गोळ्या कुटून, साखरेत मिसळून, त्यांच्याच पोरांना!"

पुढच्या रविवारी, संग्रांदीच्या आधी, ती डेऱ्यावर आली. सोबत ठाणेदार होता, पण त्याला तिने फाटकाबाहेरच थांबवलं. "आधी लोकांना कळू दे. नुसतं पकडलं तर उद्या हा हुतात्मा होईल."

ती सरळ पुढे जाऊन म्हणाली, "बाबाजी, एक चिमूट मिसरी द्या. तपासायचीय."

बाबा हसला. "डॉक्टरनी, अविश्वासी हातात हिची राख होते. तुमच्या सरकारी दुकानाचं गिऱ्हाईक तुटलं म्हणून पोटात दुखतंय होय?"

लोक हसले. कुणी ओरडलं, "काढा हिला बाहेर!" मी गर्दीत होतो. मी बोलायला हवं होतं.

बोलली ती बचनो. ओढणीच्या टोकाची गाठ सोडत ती पुढे आली. "माझ्याकडे आहे मिसरी. माझ्या जीत्याची पुडी. खायला तो उरलाच नाही. घे बेटी, तपास."

डॉक्टरने दोन ग्लासांत पाणी घेतलं. एकात किराणा दुकानातली मिसरी टाकली, दुसऱ्यात बचनोची पुडी. मग केंद्रात लघवी तपासायला वापरतात त्या पट्ट्या वर धरून दाखवल्या. "या पट्ट्या फक्त आमच्या गोळीतलं औषध ओळखतात. औषध नसेल तर दोन रेघा उमटतील. असेल तर एकच."

दुकानातल्या मिसरीच्या पट्टीवर दोन रेघा आल्या. दुसऱ्या पट्टीवर एक आली. सगळे माना पुढे काढून दुसऱ्या रेघेची वाट पाहत राहिले. ती आली नाही.

"मौन साधूंचं, आणि औषध केंद्राचं," डॉक्टर म्हणाली.

"जादूटोणा आहे हा!" बाबा किंचाळला. पण तोवर बचनो दाराशी पोचली होती. तिने दोन्ही हातांनी ती घागर उचलली आणि लोकांपुढे पालथी केली. आधी झेंडूची फुलं पडली. त्यांच्यामागून निघाली पाकिटं. काही भरलेली, बरीचशी फोडून रिकामी केलेली. कालव्यात विसर्जन झालेली म्हणे. तळाशी लहानसा खलबत्ता होता, पांढऱ्या भुकटीने माखलेला.

बाबा मागच्या दाराने निघाला, तिथे ठाणेदाराचा माणूस उभा होता. ही औषधं परवान्याशिवाय बाळगणं आणि वाटणं हा गुन्हा आहे. त्याला गाडीत बसवताना तो पहिल्यांदाच आपल्या नावाला जागला. तोंडातून शब्द नाही.

पण एका बापाने डॉक्टरची वाट अडवली. "तुमचीच गोळी ना? माझा पोरगा झोपतोय ना तिने? मग बाबाने दिली काय न् तुम्ही दिली काय? आता आम्ही जायचं कुठं?"

त्याच्या आवाजात राग कमी आणि भीती जास्त होती.

"चाचाजी, आम्ही मोजून देतो," डॉक्टर म्हणाली. "बाबाची चिमूट कधी एवढी, कधी तेवढी. आणि घागर रिकामी झाल्यावर तुमचा पोरगा कुठं गेला असता? आम्ही त्याच्याशी बोलतो, त्याचं मन, सुईतून लागलेली कावीळ, सगळं बघतो. आणि हे पोलीस बाबासाठी आलेत. स्वतःहून उपचाराला येणाऱ्याला कायदाच सांभाळून घेतो. नाव गुप्त राहतं. चला, फाटकाबाहेर माझी गाडी उभी आहे. आत्ता, इथंच गोळी देते."

काही गेले. बरेच नाही गेले. काही बायका विखुरलेल्या झेंडूतलं एकेक फूल उचलून कपाळाला लावत होत्या.

बचनो मात्र मातीत बसली होती. मी जवळ गेलो तेव्हा तिने वर पाहिलं.

"मास्टरजी, म्हणजे माझ्या पोराला देवाने हाकललं नव्हतं?"

"नाही, बचनो. औषध चुकीच्या वेळी दिलं गेलं. एवढंच."

"एवढंच," ती म्हणाली. "आणि तो जाईपर्यंत हेच समजत राहिला."

ती माझ्यासोबत घरी आली. मी टेबलाशी बसलो आणि या वेळी पेन थांबलं नाही.

'सुरजन, पुत्तर, निंदरला इथं आणू नकोस. बाबाची मिसरी म्हणजे केंद्रातलीच गोळी होती, लोकांकडून फुकट घेऊन, साखरेत लपवून दिलेली. चमत्कार नव्हता. निंदर कामाला जातो, जेवतो, तो त्या औषधानेच. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याला आपण नशेबाज म्हणत नाही. हेही तसंच औषध आहे. ते स्वतःहून बंद करू नकोस. कधी कमी करायचं ते डॉक्टरला विचार, गल्लीला नको. कुणी चमत्कार दाखवला तर एवढंच विचार: हे कशाने झालं? जो उत्तर द्यायला घाबरतो, त्याच्या हातात आपलं पोर द्यायचं नाही.'

बचनोला लिहिता येत नाही. ती म्हणाली, "माझंही लिहा त्यात. लिहा, बचनो सांगते, मी घागरीत टाकल्या. तू टाकू नकोस."

मी तसंच लिहिलं. खाली तिने अंगठा उमटवला.

सकाळी टपाल कार्यालय उघडण्याआधीच आम्ही पायरीवर जाऊन बसलो. बचनो पुन्हा पुन्हा विचारत होती, "संग्रांदीच्या आत पोचेल ना?" कारकुनाने जलद टपालाची पावती फाडली, शिक्का मारला आणि म्हणाला, "आत्ताच्या पिशवीत जाईल, बीबीजी." तरी ती हटली नाही. पाकीट त्या पिशवीत पडलं, पिशवीला गाठ बसली आणि पिशवी लाल गाडीत चढली, तोवर ती तिथंच उभी राहिली.