बाबा बोलायला लागले की

नेट जायला काळवेळ नसते, असं लोक म्हणतात. दादाच्या घरचं नेट मात्र कुणीतरी शिकवून ठेवल्यासारखं वागायचं. दिवसभर ठणठणीत असायचं, आणि संध्याकाळी बाबांनी बोलायला तोंड उघडलं की नेमकं तेव्हाच मान टाकायचं.

बाबा मागच्या खोलीत पडून होते. अर्धांगवायूने एक बाजू गेली होती आणि जीभ जड झाली होती. आणि त्यांना बोलायचं होतं ते चिमणीशी. चिमणी म्हणजे दादाची धाकटी बहीण. बाबांना न विचारता लग्न केलं म्हणून ती घराबाहेर पडली, पुढे परदेशात स्थिरावली, आणि तेव्हापासून बाबांनी तिचं नाव टाकलं होतं. त्या दिवशी ‘दार लाव’ म्हणाले ते बाबा, पण लावणारा हात दादाचा होता, आणि चिमणीने तो पाहिला होता. आजारपणात म्हातारा विरघळला. एका सकाळी त्यांनी धड असलेला हात हलवून दादाला जवळ बोलावलं आणि मोठ्या कष्टाने दोन शब्द काढले, “चिमणी दाखव.”

चिमणीला यायचं होतं, पण तिथे राहण्याचे तिचे कागद अडकले होते. एकदा बाहेर पडली असती तर परत घेतलं नसतं. म्हणून मग लॅपटॉप. मोबाइलला मागच्या खोलीत रेंज नव्हती आणि तेवढ्याशा पडद्यावर बाबांना दिसतही नसे. दादा चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचा. दुकानातला सगळ्यात जाड नंबर त्याच्या बापाचाच होता.

राउटर आधी पुढच्या खोलीत होता, तो मागे जेमतेम पोचायचा. नेटवाला म्हणाला, घराच्या मधोमध ठेवा, उंचावर ठेवा. घराच्या मधोमध स्वयंपाकघर. दादाने स्वतः भिंतीला भोकं पाडून तिथे फळी ठोकली आणि राउटर वर बसवला. मागच्या खोलीत लॅपटॉपवर सिग्नलच्या सगळ्या रेघा भरल्या. कितीतरी दिवसांनी दादा खूष झाला.

त्या संध्याकाळी बाबांनी पडद्यावर लेकीला पाहिलं आणि त्यांचे डोळे वाहू लागले. ओठ हलले, पण तोंडाला कोरड पडली होती. वहिनी, म्हणजे दादाची बायको, लगबगीने आत गेली आणि सूपची वाटी गरम करायला मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये ठेवली. दोन घोट गेले की बाबांची जीभ सैल होते, हे तिलाच ठाऊक. गार सूप ते थुंकून टाकत. शिवाय नणंदेनेही पाहावं, की आपल्या बापाला इथे कुणी शिळंपाकं घालत नाही. इकडे बाबा “मी...” म्हणाले, आणि पडद्यावरची चिमणी तोंड अर्धवट उघडं ठेवून तशीच गोठली. वहिनी वाटी घेऊन आली तेव्हा ती पुन्हा हलायला लागली होती, पण बाबा दमून डोळे मिटून पडले होते.

मग हे रोजचंच झालं. दादाने लॅपटॉप बंद करून चालू केला, पासवर्ड पुसून नव्याने टाकला, अपडेट म्हणून जे जे मागेल ते ते दिलं. नेटवाला दुपारी यायचा, तेव्हा नेट शहाण्या बाळासारखं चालायचं. तो म्हणाला लॅपटॉप जुना आहे. लॅपटॉपवाला म्हणाला राउटर खराब आहे. राउटर बदलून झाला, लॅपटॉपच्या आतलं कार्ड बदलून झालं. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, दुसरं काय! संध्याकाळी दादा एका हाताने बाबांची मान सावरत दुसऱ्या हाताने बटणं दाबायचा, आणि बाबा जाड काचेआडून त्याच्याकडे बघत राहायचे. त्या नजरेत राग नसायचा. राग असता तर दादाला सोसला असता.

शेवटी चिमणी दुपारी दुकानातल्या फोनवर बोलली. रडली नाही, चिडली नाही. तिला एवढंच कळत नव्हतं, की तासभर सगळं नीट चालतं आणि बाबा बोलायला लागले की बरोबर तेव्हाच कसं जातं? लॅपटॉपपाशी तर दादाच बसलेला असतो. दादाने शपथा घेतल्या. ती म्हणाली, बरं. त्या ‘बरं’ने त्याला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही.

आणि मग एके पहाटे बाबा गेले. ‘मी’च्या पुढचा शब्द त्यांच्याबरोबरच गेला.

त्यानंतर चिमणी रोज संध्याकाळी कॉल करायची. दोघं रिकाम्या पलंगाशेजारी काहीबाही बोलायची. नेट एकदाही गेलं नाही. चौथ्या की पाचव्या दिवशी चिमणीच म्हणाली, “आता बघ कसं छान चालतंय,” आणि दादाला कुठे बघावं कळेना.

तेवढ्यात ती गोठली.

आता मान सावरायला कुणी नव्हतं. दादा उठला, राउटरचं काय झालं बघायला थेट स्वयंपाकघरात गेला. फळीवर राउटर नेहमीसारखा लुकलुकत होता. फळीच्या खाली ओव्हनचा दिवा लागला होता आणि आत दुधाचा कप गोल गोल फिरत होता. ओव्हनची घंटी वाजली. दिवा विझला आणि वहिनीने कप बाहेर काढला. मागच्या खोलीतून चिमणीचा आवाज आला, “दादा? दादा, आहेस ना?”

त्याने वर राउटरकडे पाहिलं, खाली ओव्हनकडे पाहिलं. मग त्याने दुधाचा कप बायकोच्या हातातून घेतला, पुन्हा आत ठेवला आणि बटण दाबलं. चिमणीचा आवाज मधेच तुटला. त्याने ओव्हनचं दार उघडलं. आवाज आला.

“अहो, गरम झालंय ते,” वहिनी म्हणाली. “कालपासून पोटात काही नाही तुमच्या. तुम्ही बसा, मी आणते.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं म्हणून लोक हसतात. ओव्हन चालू झाला की वरचा राउटर गुदमरत होता. फळी दादाची होती, सूप हिचं होतं. बाबांनी तोंड उघडलं की ही धावायची, आणि ही धावली की चिमणी गोठायची. खरं सांगायला दोन वाक्यं पुरली असती. पण बाबांना कूस बदलून देणारी, त्यांची अंथरुणं धुणारी, वाटी गार होऊ नये म्हणून पळणारी बाई उरलेला जन्म ती वाटी हातात धरून काढेल, हे त्याला दिसत होतं. चिमणीला खरं सांगितलं तर ते आज ना उद्या हिच्या कानावर गेलंच असतं.

तो पडद्यासमोर येऊन बसला.

“परत गेलं ना?” चिमणी म्हणाली. “दादा, एकदाच विचारते. आता तर सगळं संपलंय. तू बंद करत होतास ना?”

“हो,” दादा म्हणाला.

 मग तिने हात पुढे केला आणि पडदा काळा झाला. या वेळी कॉल तिने तोडला होता.

दारात वहिनी कप घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

“बाबा रोज तुमच्याकडे बघायचे हो,” ती एवढंच म्हणाली.

 ती दूध न देताच आत गेली. लॅपटॉपच्या कोपऱ्यात सगळ्या रेघा भरलेल्या होत्या.