रस्त्याचा खांदा

काचवाला आणि त्याची बायको, दुकान दोघांचंच. तो काच कापायचा, बसवायचा. ती मापं घ्यायची, गिऱ्हाइकांचे फोन घ्यायची आणि व्हॅनमध्ये त्याच्या डाव्या हाताला बसून "हळू, पुढे खड्डा आहे" असं सांगत राहायची. गाडी चालवायला ती कधी शिकली नाही. इंग्रजीही तिचं कामापुरतंच: लांबी, रुंदी, जाडी, उद्या येतो, आज जमणार नाही. तेवढ्यावर तिचं कधी अडलं नव्हतं.

त्या दुपारी एका शोरूमच्या मोठमोठ्या काचा मागे उभ्या बांधून ते हायवेने निघाले होते. तो गिऱ्हाइकाच्या चिकटपणाबद्दल काहीतरी सांगत होता, आणि वाक्य अर्धंच सोडून गप्प झाला. तिने वळून पाहिलं. कपाळावर घाम, चेहरा पांढराफटक.

"अहो, काय होतंय?"

"खांदा," तो म्हणाला. "डावा खांदा कोणीतरी पिळतंय गं."

त्याने गाडी कशीबशी थांबवली. सवयीनेच हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं आणि दाराला डोकं टेकून डोळे मिटले. रस्ता तीन लेनचा होता आणि ते मधल्या लेनमध्ये उभे होते.

एक ट्रक हॉर्न वाजवत इतक्या जवळून गेला की व्हॅन हलली आणि मागच्या काचा खणखणल्या. तिच्या तोंडचं पाणी पळालं. चारही इंडिकेटर लावायचं बटण तिला माहीत होतं, ते तिने दाबलं. मग मदतीच्या नंबरला फोन लावला.

फोनवरची बाई इंग्रजीत बोलत होती, शांतपणे, एकेक शब्द सुटा करून. कुठे आहात, कोणाला काय झालंय. तिने हायवेचं नाव सांगितलं, मागे पडलेल्या पुलाचं सांगितलं, नवऱ्याला दुखतंय म्हणून सांगितलं. मग बाईने विचारलं ते तिला नीट कळलं नाही, पण त्यातला एक शब्द कळला. शोल्डर. म्हणजे खांदा.

"हो, हो, शोल्डर," ती म्हणाली.

"डावा शोल्डर?"

"हो, डावा."

या बाईला न सांगताच कळलं, म्हणजे जाणकार दिसते, असं वाटून तिला जरा धीर आला. बाई म्हणाली, छान, तिथे तुम्ही सुरक्षित आहात. हलू नका. ॲम्ब्युलन्स निघाली आहे. त्यांचे कपडे सैल करा आणि त्यांच्याशी बोलत राहा.

तिने त्याच्या शर्टाची बटणं काढली. "अहो, ऐकताय ना? येतायत ते." तो नुसता हुंकारला. आरशात मागून येणारी प्रत्येक गाडी आधी ठिपका असायची, मग मोठी होत होत सरळ अंगावर यायची आणि अगदी शेवटी डावीकडे नाहीतर उजवीकडे वळायची. प्रत्येक वेळी ती डोळे मिटून घ्यायची. आता ही नाही वळणार, असं तिला दर वेळी वाटायचं. उतरून पळावं तर हे असे इथे. आणि बाई म्हणत होती, सुरक्षित आहात, हलू नका. शिकलेली बाई सांगते म्हणजे बरोबरच असणार, म्हणून ती जीव मुठीत धरून बसून राहिली.

मग एक बस इतका लांब हॉर्न देत गेली की तो फोनमधून पलीकडे ऐकू गेला.

"गाड्या किती जवळून जातायत?" बाईने विचारलं.

"दोन्ही बाजूंनी," ती म्हणाली.

"दोन्ही बाजूंनी? तुम्ही कोणत्या लेनमध्ये आहात?"

"मधल्या."

"तुम्ही मघाशी शोल्डर म्हणालात."

"हो. शोल्डर दुखतोय. यांचा."

बाईचा आवाज बदलला. शांतच होता, पण आता तिलाही भीती वाटत होती हे ओळखू येत होतं. अगदी सोपे शब्द वापरून ती म्हणाली, रस्त्यालाही शोल्डर असतो. कडेची मोकळी पट्टी. गाडी तिथे असायला हवी. तुम्हाला गाडी तिथे न्यावी लागेल. आत्ता.

रस्त्याला तोंड असतं, फाटा असतो, कड असते. खांदा असतो हे तिने आजवर ऐकलं नव्हतं.

"मला गाडी येत नाही," ती म्हणाली.

"उतार आहे का?"

उतार होता, थोडासा. बाईने सांगितलं तसं तिने केलं. स्टिअरिंग सुटावं म्हणून किल्ली अर्धी फिरवली. गिअरचा दांडा ओढून मधे आणला. नवऱ्याचा पाय ब्रेकवरून ढकलला, तो विव्हळला. मग डाव्या आरशात बघत राहिली. एक गाडी गेली, मग दुसरी. तिसरा ट्रक होता, अवाढव्य, आणि तो हळू होत होत मागे थांबला. त्याने इंडिकेटर लावले आणि दोन लेन अडवून आडवा उभा राहिला. ड्रायव्हरने काचेतून हात हलवला: जा.

तिने हँडब्रेक सोडला. काचांच्या वजनाने व्हॅन आपसूक पुढे सरकली. स्टिअरिंग दगडासारखं जड. दोन्ही हातांनी लोंबकळून तिने ते डावीकडे ओढलं. पांढरी रेघ चाकाखालून गेली, मग लोखंडी कठडा खरडला गेला आणि तिने हँडब्रेक पुन्हा खेचला. मागे एक काच तडकल्याचा आवाज आला. ट्रकवाला पळत आला तेव्हा ती अजून हँडब्रेक धरून बसली होती. त्याला तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली.

ॲम्ब्युलन्स वेळेवर आली. हृदयाचाच झटका होता, पण नवरा वाचला.

तो घरी आल्यावर माणसं भेटायला येऊ लागली. एका संध्याकाळी नणंद आणि तिच्या घरची मंडळी बसली असताना तो रंगात आला. "मी इकडे मरायला टेकलोय, अर्धवट कानावर पडतंय, आणि हिला फोनवर विचारतात काय, तर खांदा. हिला वाटलं, खांदेकरीच धाडतायत."

सगळे खो खो हसले. "वहिनी, कमाल आहे तुझी," नणंद डोळे पुसत म्हणाली. ती उठून स्वयंपाकघरात गेली.

थोड्या वेळाने तो भिंतीचा आधार घेत मागोमाग आला. ती ओट्याशी पाठमोरी उभी होती.

"रागावलीस?"

"तुम्ही डोळे मिटले होते," ती म्हणाली. "तुम्हाला काही दिसलं नाही."

"काय दिसायचं? कडेलाच तर होतो आपण."

"नव्हतो."

मग तिने सांगितलं. आरशातले ठिपके, बस, आडवा उभा राहिलेला ट्रक. सांगता सांगता तिचे दात वाजायला लागले आणि थांबेनात. तो खुर्ची ओढून खाली बसला. त्याचा चेहरा त्या दुपारसारखा उतरला होता.

"किती जवळून जात होत्या?" त्याने विचारलं.

तिने ओट्यापासून त्याच्या खुर्चीपर्यंत बोट दाखवलं. मग बोट मागे घेतलं, त्याच्याही अर्ध्यावर.

बाहेरून नणंदेने चहाचं विचारलं. दोघंही हलली नाहीत.