एकतीस ग्रॅम आजार

अक्काच्या बेकरीत बिस्किटं कुणी मोजत नाही. दहा बिस्किटं एकदा काट्यावर ठेवली, ऐंशी ग्रॅम भरली. आता हजाराची ऑर्डर आली की आठ किलो जोखायची, खोकं बंद.

"बाई, मोल दिसतच नाही तर शिकायचा कशाला?" दहावी 'ब', माझा रसायनशास्त्राचा तास, शेवटचा बाक, दरवर्षी.

घरच्या कचऱ्याच्या डब्यात अक्काच्या इन्सुलिनची तीन पेनं. न वापरलेली.

आणि माझ्या डोक्यात एकच आकडा: चौऱ्याऐंशी.

कापडदुकानावरचा हॉल. जिन्यापर्यंत माणसं, चपलांचा डोंगर, आणि समोर टेबलावर सोनाराचा काचेच्या पेटीतला काटा. त्यामागे दाढीवाले तराजूबाबा.

"मी खोटं बोलेन, डॉक्टर खोटं बोलेल, जावई तर बोलतोच! काटा बोलत नाही!"

टाळ्या.

पांढऱ्या भस्माची पुडी. काट्यावर बरोबर चौऱ्याऐंशी ग्रॅम. ती शिंप्याच्या दुखऱ्या गुडघ्यावरून तीनदा फिरवली, भस्म कढईत ओतलं, खाली गॅस. थोड्या वेळानं ते पातळ पिठल्यासारखं बुडबुडायला लागलं. "पळतोय बघा रोग!" वर काचेचं झाकण धरलं, त्यावर थेंब जमले. "घाम फुटला त्याला!" पेटती काडी कढईत धरली, फट्‌दिशी विझली. "गेला प्राण!" उरलेलं भस्म जोखलं. त्रेपन्न.

"एकतीस ग्रॅम आजार वजा!"

शिंपी टुणकन उठला आणि पहिल्याच पायरीवर कळवळला. ते कुणी पाहिलं नाही.

मग वायरमनचा खोकला: एकतीस. टायपिस्टच्या गालावरचा मुरुम: एकतीस. आणि आमची अक्का, बावीस वर्षांचा मधुमेह: एकतीस.

"मुरुम आणि मधुमेह एकाच वजनाचे कसे हो?" मी विचारलं.

"बाबांकडे भेदभाव नसतो," शेजारची म्हणाली. सगळ्यांनी माना डोलावल्या. जी गोष्ट खटकायला हवी, तिच्याच पाया पडत होते लोक.

घरी अक्का तांब्यामागून तांबे पाणी पीत होती. ओठ कोरडे, डोळे खोल. हॉलवरून आल्यापासून इन्सुलिन बंद, आज तिसरा दिवस.

"अक्का, दवाखान्यात चल."

"कशाला? काट्यावर पाहिलं मी. तू वीस वर्षं न दिसणारं शिकवतेस, त्यांनी दिसणारं दाखवलं."

"उद्या सकाळी एकदाच माझ्याबरोबर हॉलवर ये. तिथं मी हरले तर गप्प बसेन. जिंकले तर थेट दवाखाना."

"बघू," म्हणाली. अक्काचं 'बघू' म्हणजे हो.

मला झोंबत होता तो आकडा. भोंदू माणूस शंभर घेईल, पन्नास घेईल. चौऱ्याऐंशी कोण घेतं? मी विज्ञानाचं पुस्तक ओढलं. सोडियम तेवीस, हायड्रोजन एक, कार्बन बारा, ऑक्सिजन सोळा त्रिक अठ्ठेचाळीस. बेरीज केली, बरोबर चौऱ्याऐंशी, आणि मोठ्यांदा एक असभ्य शब्द उच्चारला. (शाळेत मी असे शब्द वापरत नाही.)

सकाळी अक्काला आणि तिच्याच बेकरीतला खायचा सोडा घेऊन हॉलवर गेले. भिंतीवर खडूनं लिहिलं: १०६.

"हा सोडा. एकशे अडुसष्ट ग्रॅम. कुणाला लावलेला नाही. तापवला की भिंतीवरचा आकडा उरेल."

"अविश्वासाच्या लहरी..." बाबा सुरू झाले.

"लहरी राहू द्या," अक्का म्हणाली, "गॅस मोठा करा."

बुडबुडे आले. घाम फुटला. काडी विझली. कढई शांत होईपर्यंत अक्का उलथण्यानं ढवळत राहिली, मग तिनंच जोखलं. एकशे सहा आणि वर दोन दशांश.

मी अक्काकडे वळले.

"अक्का, तू बिस्किटं मोजत नाहीस, जोखतेस. सोड्याचे कण त्याहून कितीतरी बारीक, ते कुणाच्या बापालाही मोजता येणार नाहीत. म्हणून एक ढीग ठरवलाय, साधारण सहावर तेवीस शून्यं एवढ्या कणांचा. तो एक मोल. सोड्याचा तेवढा ढीग चौऱ्याऐंशी ग्रॅम भरतो. तापवला की दर दोन कणांमागे पाण्याचा एक आणि कार्बन डायऑक्साइडचा एक कण उडतो. म्हणजे एका मोलमागे अर्धा मोल पाणी, नऊ ग्रॅम. अर्धा मोल वायू, बावीस."

"नऊ आणि बावीस एकतीस," अक्का हळूच म्हणाली. "आणि काडी विझवणारा वायू म्हणजे..."

"तुझी बिस्किटं फुगवणारा."

अक्का बाबांकडे वळली. "अरे मेल्या! मग मी रोज पहाटे भट्टीत आजार भाजतेय होय? माझ्या बिस्किटांनी अख्खी आळी बरी व्हायला हवी होती!"

पहिला हसला तो शिंपी. तो जिन्याच्या दारात जाऊन उभा राहिला, बाबा निसटू नयेत म्हणून. कुणीतरी पोलिसांना फोन लावला.

मी अक्काला धरून खाली निघाले. पाय लटपटत होते तिचे.

"माझा मधुमेह?" तिनं विचारलं.

"होता तिथंच आहे."

"आणि ती पेनं?"

"नवी घेऊ. आधी साखर तपासू."

दवाखान्यात आकडा आला चारशे त्रेसष्ट. डॉक्टर तिला ओरडले, मग मला ओरडले, मग सलाईन लावलं. संध्याकाळी ती पलंगावरूनच बेकरीतल्या कामगारांना फोनवर ओरडायला लागली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

काटा खोटं बोलला नव्हता. त्यानं सोड्याचं वजन सांगितलं, आजाराचं नाव आपण चिकटवलं. पुढच्या वेळी कुणी तुमचा रोग जोखून दाखवला, तर तीच पुडी आधी एखाद्या धडधाकट विटेवरून फिरवायला सांगा. विटेचाही एकतीस ग्रॅम आजार निघाला, तर चपला घाला आणि दवाखान्यात जा.

हो, एक राहिलं. आम्ही जिन्याकडे वळलो तेव्हा बाबा हळूच म्हणाले होते, "बाई, तुम्ही फळ्यावर आधी उत्तर लिहून मग गणित करायचात. अजून तसंच."

दहावी 'ब'मध्ये मोलच्या गणिताला पैकीच्या पैकी गुण आजवर एकालाच मिळालेत, आणि त्याची उत्तरपत्रिका मी वर्गात वाचून दाखवली होती.