टेबलाच्या चार बाजू

मी टचस्क्रीन बोलतेय, वरवंडजवळच्या एका वस्तीवरच्या शाळेतली. रांजणगावच्या एका कंपनीनं मला शाळेला भेट दिलं. भिंतीत खिळे धरेनात, म्हणून सुलक्षणाबाईंनी मला बुटक्या टेबलावर उताणं ठेवलं. पोरं चारी बाजूंनी बसली. एकाच वेळी दहा बोटं टेकली तरी मी गोंधळत नाही. पोरं मात्र गोंधळतात, भांडतात.

बाईंनी चौथीतल्या चौघांना वस्तीचा नकाशा काढायला सांगितला. शनिवारी तो पालकांना दाखवायचा होता. तेजश्री माझ्या खालच्या कडेला बसायची, तिथून अक्षरं सुलटी दिसतात. समोरच्या बाजूला मेंढपाळ रखमाजींची पूनम. ती बोलायची कमी, पण चित्र छान काढायची. तिनं आपलं घर काढलं, दारात दोन मेंढरं.

"उलटं काढलंय हिनं," म्हणत तेजश्रीनं ते पुसलं. पूनमनं पुन्हा काढलं. तेही पुसलं गेलं. बाकीची दोघं आपापली घरं रंगवत राहिली. मग पूनमनं हात मांडीवर ठेवले ते ठेवलेच. तिच्या बाजूची माझी काच गारच राहू लागली.

शुक्रवारी तेजश्रीचा खोडरबर घरंगळत पूनमच्या पायाशी गेला. उचलायला ती तिकडं गेली आणि तिथंच थबकली. तिनं स्वतः एवढ्या निगुतीनं काढलेलं आपलं घर तिथून छपरावर उभं होतं.

"पूनम, इथनं तर माझंच घर उलटं दिसतंय."

"व्हय. रोजच दिसतंय."

"मग बोलली का न्हाईस?"

"तू ऐकत कुठं होतीस?"

 तेजश्री पूनमला खेटून खाली बसली. म्हणाली, "काढ तू. मी रंग भरते."

शनिवारी नकाशातली घरं चारी दिशांना तोंड करून उभी होती. कुणीतरी हसलं. रखमाजी मात्र टेबलाला वळसा घालून गेले, नकाशातल्या आपल्या दारापाशी थांबले आणि डोक्यावरची टोपी सारखी केली.

आता माझा एक कोपरा बधिर झालाय, तिथं बोट टेकलेलं कळत नाही. त्या कोपऱ्यात ज्याची पाळी येते तो नुसता सांगतो आणि शेजारचा त्याच्यासाठी काढतो. मला दुरुस्तीला न्यायचं चाललंय. न्या, पण सावकाश. आणि तुमच्या घरात मोबाइलसारखी माझी धाकटी भावंडं असतील, एकेकट्याच्या हातात. त्यांना कधीतरी जमिनीवर ठेवा, आणि भोवती बसा.