कापडामागचा सज्जा

साहेब, तुम्ही खोटं बोललात. तोंडाने नाही, कापडाने बोललात. दोन मजले झाकेल एवढं कापड आणलंत, त्यावर खिडक्या छापल्यात, खिडक्यांत पडदे छापलेत, पडद्यांपुढे फुलांच्या कुंड्या छापल्यात, आणि ते सगळं एका जित्याजागत्या घराच्या तोंडावर ठोकलंत. थोर पाहुण्यांची गाडी त्या रस्त्याने भुर्रकन निघून गेली. तुम्ही हात झटकलेत. आता मागे काय घडलं ते ऐका.

फाईनाने उभं आयुष्य या वोलोग्दा शहरात ट्रॉलीबस चालवली. नवरा गेला, मुलगा मॉस्कोला गेला, आणि तिच्या स्वयंपाकघरात बोलायला एक रेडिओ तेवढा उरला. तोही ती म्हणेल त्याला कधी उलट बोलत नसे, म्हणून तिला आवडत नसे. उलट बोलणारं माणूस तिला एकच ठाऊक होतं. रिम्मा. तरुणपणी दोघी एका होस्टेलच्या एका खोलीत राहिल्या, एका तव्यावरून भांडल्या आणि जन्माच्या मैत्रिणी झाल्या. पुढे रिम्मा वोर्कुताला गेली, तिकडे पार उत्तरेच्या टोकाला, खाणीच्या खानावळीत. आता खाण बंद, खानावळ बंद, तिच्या इमारतीतल्या सगळ्या जिन्यांत मिळून दिवा लागे तो तिच्याच घरात. म्हणून ती कायमची मुलीकडे निघाली होती, दक्षिणेला क्रास्नोदारला.

गाडी वोलोग्दावरूनच जाते. फाईना फोनवर ओरडली, "एक दिवस उतर गं बाई! एक दिवस शहर बघ. मग जा, कुठे उन्हात वाळायला जायचं आहे तिकडे."

मनात दुसरंच होतं. रिम्माने जाऊच नये, इथेच राहावं. पण हे तोंडाने सांगेल ती फाईना कसली! शहरच सांगेल, असं तिने ठरवलं.

आणि शहराने जीव ओतला म्हणायचं. जून महिना, आभाळ धुतल्यासारखं. सोफियाच्या मोठ्या देवळात, जुन्या चर्चमध्ये, शिरताना रिम्माने डोक्याला रुमाल गुंडाळला आणि पश्चिमेच्या भिंतीपुढे जी उभी राहिली ती हलेचना. अख्खी भिंत भरून अखेरच्या न्यायाचं चित्र. वर देवदूत, खाली पापी.

"चल की, मान मोडेल," फाईना कुजबुजली.

"थांब. तो खालून तिसरा बघ. आमच्या खाणीचा मॅनेजर."

"हळू बोल! चित्र तीनशे वर्षांपूर्वीचं आहे."

"म्हणजे तेव्हापासून त्याची वाट बघतायत."

बाहेर नदीकाठी पोरं पाण्यात उड्या मारत होती. वरच्या बाजूला लाकडी घरं एकामागून एक. रिम्मा सिमेंटच्या गावातून आलेली. ती प्रत्येक घराच्या लाकडावर हात ठेवत चालली, गाईच्या पाठीवर ठेवावा तसा. खिडकीच्या चौकटीवर सूर्य, छताच्या कडेला झालर, कोपऱ्यातल्या सज्ज्याला कोरीव खांब. ऊन त्या नक्षीतून गळून भिंतीवर लेस विणत होतं.

"हे माणसाने हाताने केलंय? कशाला पण?"

"कशाला म्हणजे? शेजाऱ्याच्या घराला होतं म्हणून."

रिम्मा खो खो हसली. मग म्हणाली, "आमच्याकडे शेजाऱ्याचं बघून लोक फक्त निघून गेले."

फाईनाला वाटलं, आता बोलावं. पण तेवढ्यात तो कोपरा आला. कापडाचं घर त्याच गल्लीत. तिने रिम्माचा दंड धरून तिला वळवलं. "इकडून. तिकडे चिखल आहे."

"चिखल? धूळ उडतेय, आणि चिखल?" रिम्माची मान केव्हाच वळली होती. "अगंबाई! ते बघ! पिवळं, कसं लख्ख! आणि फुलं तरी किती! फाया, असं घर असताना तू मला ती करडी घरं काय दाखवत बसलीस?"

झाकली मूठ सव्वा लाखाची. ती आता उघडणार होती. फाईना मागून ओरडते आहे तोवर रिम्मा घरापुढे पोचलीसुद्धा. नदीवरून वारा आला आणि घराचं पोट फुगलं. पुन्हा आत गेलं. पुन्हा फुगलं.

"फाया," रिम्मा सावकाश म्हणाली, "हे घर श्वास घेतंय."

"घरात माणूस आहे, श्वास घेणारच!" कापडाच्या मागून, वरून आवाज आला. "कोण उभं आहे? बाजूला सरा. त्या फटीतून तेवढाच उजेड येतो."

रिम्माने कापडाची कड उचलली. आत खरा दरवाजा, खरा जिना, आणि जिन्याच्या टोकाला आवेनीर पावलोविच, लोकरी बंडी घातलेला म्हातारा, हातात किटली.

"कापड उचललंत ना? मग आता चहा घ्यायला या, पोरींनो. पाहुणा कापडाच्या दारातून आला तरी पाहुणाच."

साठी उलटलेल्या पोरी चपला काढून वर गेल्या. रिम्माने पिशवीतून रेनडियरच्या मांसाचं सॉसेज काढलं. म्हाताऱ्याने अख्खा मासा आत घालून भाजलेला पाव कापला. भरदुपारी खोलीत दिवा लागलेला.

"पाहुणे येऊन गेले, कापड राहिलं," तो म्हणाला. "मी कचेरीत विचारायला गेलो. म्हणाले, तुमच्या घराची मोठी दुरुस्ती व्हायची आहे, म्हणून नोंदीत घर रिकामं आहे. मी म्हटलं, मग तुमच्याशी बोलतोय कोण?"

"मग?"

"म्हणाले, पुढचा माणूस या."

त्याने एक दार ढकललं. बाहेर सज्जा होता, आणि सज्ज्यापुढे कापड. दोन्हींच्या मधल्या पिवळट अंधारात रिम्माने खांबावर हात ठेवला आणि तिचा हात खाली-वर फिरत राहिला. वेल होती. वेलीत पाखरं, प्रत्येकाची मान वेगळीकडे वळलेली. रंग उडालेला, लाकूड करडं पडलेलं, पण एक पीस तुटलेलं नव्हतं. कापडावर छापणाऱ्याने हा सज्जा गाळूनच टाकला होता. त्याच्या चित्रात घर सपाट होतं.

"तुला ठाऊक होतं," रिम्मा फाईनाकडे न बघता म्हणाली.

"लाज वाटली गं. तुला चांगलं तेवढंच दाखवायचं होतं."

"का?"

"का म्हणजे काय! तू राहावंस म्हणून!" फाईना एकदम भडकली. "मूर्ख बाई! क्रास्नोदारला तुझ्याशी भांडणार कोण? जावई?"

रिम्माने कापडाला बोट लावलं. "आमच्या वोर्कुतात मेलेलं घर मेलेलं दिसतं," ती म्हणाली. "जिवंत माणसाला असं कफन कुणी घालत नाही. आवेनीर पावलोविच, कात्री आहे?"

"दंड होईल!" फाईना म्हणाली.

"रिकाम्या घरात कुणाला दंड करणार?" म्हातारा म्हणाला, आणि कात्री आणायला गेला.

कापड जाड होतं. रिम्माने भोसकलं, फाईनाने ताणून धरलं. छापील कुंडी मधोमध फाटली आणि उजेड धाडकन आत आला. समोर नदी, पलीकडे सोफियाचं पांढरंशुभ्र देऊळ, त्याचे काळसर घुमट, आणि त्यांच्यावरून नांगरल्यासारखे सरळ गेलेले ढग. पाखरांच्या माना उजळल्या. आवेनीर पावलोविच डोळ्यांवर हात धरून उभा राहिला. खाली रस्त्यावरून एक बाई ओरडली, "अहो, आमच्या घरावरचंही कापून द्या की!"

शहरात दिवसभर एवढं पाहिलं, पण रिम्माने आ वासला तो इथे. "शेजारची खोली कुणाची?" तिने विचारलं.

"कुणाचीच नाही. छप्पर जरा गळतं."

"छप्पर मला कळतं."

दुसऱ्या दिवशी दोघी तुमच्या कचेरीच्या खिडकीवर आल्या, साहेब. रिम्मा म्हणाली, घर रिकामं आहे ना, मग ती खोली मला भाड्याने द्या. तुमचा माणूस म्हणाला, देता येत नाही, तिथे एक म्हातारा राहतो. रिम्मा म्हणाली, राहतो ना, मग कापड उतरवा. तो म्हणाला, उतरवता येत नाही, घर रिकामं आहे. फाईना सांगते, तो हे बोलताना हसलासुद्धा नाही.

क्रास्नोदारची गाडी रिम्माला न घेताच गेली. ती फाईनाच्या सोफ्यावर झोपते, रोज उलट बोलते, आणि संध्याकाळी दोघी सज्ज्यात चहाला जातात. पण सोफ्यावर म्हातारपण निघत नाही आणि हिवाळा छप्पर बघून येत नाही.

म्हणून आज मीही तुमच्या खिडकीपुढे रांगेत उभा राहून विचारतो. घर रिकामं असेल तर किल्ली द्या. भरलेलं असेल तर कापड काढा. दोन्हीपैकी काय, साहेब? पुढचा माणूस या म्हणू नका. पुढचा माणूसही हेच विचारायला उभा आहे. बोला.