एडीचं बोलणं

दुसऱ्याचं पोर कसं वाढवावं हे वर्नाला कोणी विचारत नाही, तरी ती सांगितल्याशिवाय राहत नाही. स्वतःचे दोन मुलगे नाताळलासुद्धा तिच्याकडे फिरकत नाहीत, ते सोडा.

ओहायोतल्या आमच्या गावात रविवारी चर्च सुटलं की सगळे एकाच खानावळीत जातात. तिथे रिवाज आहे, टेबलावरच्या टोपलीत फोन टाकून गप्पा मारत जेवायचं, म्हणजे शेवटी ॲपल पाय फुकट. रिवाज चांगलाच, पण वर्ना त्याची फौजदार झाली.

एका रविवारी वर्नाच्या शेजारच्या टेबलावर जोलीन आणि तिची लेक एडी होती. एडी स्वमग्न आहे, तोंडाने बोलत नाही. टॅबलेटवरची चित्रं दाबते, मग टॅबलेट तिच्या वतीने बोलतो. आज आपलं जेवण आपण मागवायचं, म्हणून मायलेकींनी घरी किती दिवस सराव केला होता. वेट्रेस आली. एडीने पहिलं चित्र दाबलं. "मला हवंय," टॅबलेट बोलला.

तेवढ्यात वर्ना उठली. जेवताना कसले खेळ, आमच्या वेळी आईने नुसतं बघितलं तरी पुरे व्हायचं, असं ऐकवत तिने टॅबलेट उचलून टोपलीत टाकला. एडी किंचाळली, कपाळ टेबलावर आपटायला लागली. हा तिचा आवाज आहे हो, असं जोलीन सांगत होती. पण ऐकतंय कोण? सांभाळता येत नाही तर आणतात कशाला, असं कोणीतरी म्हणालंच. बाकीच्यांनी नुसतं टक लावून बघितलं, आणि तुम्हीआम्हीही तेच करतो. जोलीनने टॅबलेट घेतला, पोरीला कवेत धरलं आणि उपाशीच निघून गेली.

त्यानंतर त्या दोघी ना चर्चमध्ये दिसल्या, ना खानावळीत. तो टॅबलेट म्हणजे खरंच पोरीचं बोलणं होतं, हे वर्नाला मागाहून उमगलं, आणि आता तिला जेवण जाईना. एका रविवारी ती थोरल्या बहिणीपाशी, ऑपलपाशी, रडली. "ताई, मला काय माहीत होतं? मी रोज त्या पोरीसाठी प्रार्थना करते गं."

ऑपलने काटा खाली ठेवला आणि साऱ्या खानावळीला ऐकू जाईल असं म्हणाली, "त्या पोरीचं काही बिघडलेलं नाही, वर्ना. प्रार्थना स्वतःसाठी कर. माहीत नव्हतं, तर विचारायचं होतंस. विचारायचं नव्हतं, तर आपल्या ताटात बघायचं होतंस. चारचौघांत तिला गप्प केलंस, आता माफीही चारचौघांत माग. तोवर माझ्या शेजारी जेवायला बसू नकोस."