रजा कळवा

विद्यापीठाच्या साहेब लोकांना वेबसाइटवर 'अनुपस्थिती व्यवस्थापन' अशी लिंक हवी होती. वेबसाइट आमची कंपनी बनवतेय; आम्ही सुचवलं होतं, 'रजा कळवा'. वाद मिटवायचा आमचा मार्ग सोपा आहे: पालकांना बोलवायचं, दोन्ही नमुने दाखवायचे आणि ते कुठे क्लिक करतात ते बघायचं. आमच्या रावेतच्या ऑफिसात सकाळपासून तेच चाललं होतं. समोरच्याने मोठ्याने बोलत शोधायचं आणि मी गप्प बसायचं. सुचवायचं नाही, मानही हलवायची नाही. गप्प बसणं मला हल्ली जड जात नाही.

फेब्रुवारीत माझा धाकटा भाऊ समाधान मोशीजवळ अपघातात गेला. तो याच विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला होता. तेव्हापासून मला काही वाटेनासंच झालंय. जेवते, कामावर जाते, घरी येऊन झोपते. नातेवाईक म्हणतात, पोरगी खंबीर आहे. खंबीर कसली डोंबलाची, बधिर झालेय नुसती.

राग तेवढा शिल्लक होता, तोही एका मेसेजवर. कॉलेज असेल त्या दिवशी पप्पांच्या फोनवर यायचा: 'आपला पाल्य समाधान आज गैरहजर आहे.' पप्पा तो वाचायचे आणि फोन घेऊन गॅलरीत जायचे. बराच वेळ तिथेच उभे राहायचे. माझ्याच्याने ते बघवेना. विद्यापीठात फोन करून करून मी तिथल्या लोकांचं डोकं खाल्लं. शेवटी आज सकाळी तिकडून कळलं की नाव काढलंय, आता मेसेज येणार नाही. संध्याकाळी पप्पांना सांगू, तेवढंच बरं वाटेल त्यांना, असं मी ठरवलं होतं.

दुपारी दिघीचे एक पालक आलेच नाहीत. दिपाली आमच्याकडे नवीन आहे. ती म्हणाली, "तुझे वडील रिटायर आहेत ना? त्यांनाच बोलाव की." तिला समाधानचं माहीत नव्हतं आणि मला सांगत बसायचा कंटाळा आला. मी फोन लावला. पप्पा नाही म्हणतील असं वाटलं होतं, तर इस्त्रीचा शर्ट घालून संत तुकाराम नगरहून तासाभरात हजर.

काय शोधायचं ते लिहिलेली, सगळ्यांना देते ती चिठ्ठी मी समोर ठेवली. पप्पांनी चष्मा लावून वाचली. "तुमचा मुलगा आजारी आहे. कॉलेजला कळवा." ती चिठ्ठी बदलायला हवी होती, हे मला त्यांनी वाचल्यावर सुचलं.

 पप्पांनी माउस हातात घेतला.

"पालक," ते म्हणाले. "त्याच्यात खाली जायचं. हां, हे रजेचं. तुमी जागा बदलली व्हय ह्याची? आधी वर होतं."

सकाळपासून एकालाही ते इतक्या पटकन सापडलं नव्हतं.

"तुम्हाला कसं माहीत?" मी नियम मोडून विचारलं.

"रोजचंच हाय की. मेसेज आला की मी रजा टाकतो त्याची."

"कुणाची?"

"समाधानची. गैरहजर पडू द्यायचं नसतं, बाळा. आमच्या कंपनीत न कळवता दांड्या पडल्या की टाइम ऑफिसवाले मस्टरवरनं नाव उडवायचे. रजा टाकलेल्याला हात लावत नव्हते."

"कारण काय लिहिता?"

"गावाला गेलाय म्हणून लिहितो. कधी ताप लिहितो." त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "खोटं हाय, कळतंय मला. मी काय येडा न्हाई. पण कुठंतरी नाव तर राहतंय ना त्याचं."

मला रडावंसं वाटलं. दोन महिन्यांत पहिल्यांदाच.

"आजचा मेसेज काही आला न्हाई अजून," पप्पा म्हणाले. "सुट्टी हाय का आज? तुमाला माहीत असंल."

"सुट्टी नाही. आता येणारच नाही तो. नाव काढलं त्यांनी. मीच मागे लागून काढायला लावलं."

पप्पांनी माउस हळूच टेबलाच्या कडेला सरकवून ठेवला. ते चिडले असते तर बरं झालं असतं.

"कुणाला विचारून?" त्यांनी विचारलं.

लोकांना काय हवंय ते शोधायचा पगार घेते मी. पप्पांना मात्र विचारलं नव्हतं.